अंगणातली खाडी

कार्तिक वद्य तृतीया, सकाळ. हजर: माझी थोरली बहीण आक्का, वैद्य, शेजारचे दोन गृहस्थ, दाजींकडे शिकायला येणारे तिघे कारकून आणि मी. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, ते आत अंथरुणावर, शेवटच्या दुखण्यात. वैद्यांनी पाणी मागितले तेव्हा त्या तिघांपैकी एकजण ओसरीवरून अंगणात उतरायला गेला आणि पाय उचललेला तसाच धरून थांबला. अंगणभर आक्काची रांगोळी होती. ती साधी रांगोळी नव्हती, कोकणचा किनारा होता. तो कारकून सरळ विहिरीकडे गेला नाही. रांगोळीतल्या खाडीच्या तोंडातून बाहेर पडला, वाळूच्या दांड्याला वळसा घातला आणि मग विहिरीवर पोचला. परतलाही त्याच वाटेने. तोवर पाण्याचे काम उरले नव्हते...

दाजींकडे शिकून जे बंदरोबंदरी कामावर गेले आहेत, त्यांनी मागून घेतले म्हणून हे लिहितो आहे. त्यांनी कौतुकाचे चार शब्द मागितले होते. ते देतोच. पण मागाहून जे घडले तेही त्यांना कळायला हवे, कारण त्या अंगणात मीही शिकलो असे मी सगळ्यांना सांगत आलो.

दाजी तरुणपणी आरमाराच्या हिशेबावर कोकणात गेले. खाडीच्या काठावर फडात, म्हणजे हिशेबाच्या कचेरीत, बसून गलबतांत काय चढले, काय उतरले ते लिहायचे, एवढेच काम. पण माल ज्यातून येतो ते गलबत कुठून कसे येते हे न कळता त्याची नोंद करणे त्यांना जमेना. गलबत हाकणाऱ्या तांडेलांच्या शेजारी बसून, त्यांची बोलणी खाऊन, उलट्या करून त्यांनी किनाऱ्याच्या खुणा शिकून घेतल्या. त्यात सगळ्यांत मोठी खूण एकच. खाडीच्या तोंडाबाहेर एक जागा आहे, तिथे आले की देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खिंडीत नेमका बसतो. कळस खिंडीत धरून सरळ आत यायचे. कळस खिंडीतून जरा बाजूला सरला की खाली वाळू. एकदा भरलेले गलबत त्यांनी स्वतः सुकाणू धरून त्या रेषेवरून आत आणले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की पुढेपुढे आक्का आतून म्हणायची, "आणलंत हो आत. आता जेवायला या."

डोळे अधू झाले तसे ते पुण्यात आले. इथले तरुण कारकून कोकणात नेमले जात आणि पाण्याचा गंध नसताना तांडेलांना हुकूम सोडत. दाजींना ते बघवेना. म्हणून सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरी रोज सकाळी किनारा मांडला जाऊ लागला. शेणाने सारवलेल्या अंगणात आक्का रांगोळीने काठ काढी, दाजी वरून सांगत. खडकांच्या जागी खडे, वाळूच्या दांड्यांवर तांदळाची कणी, कळसाच्या जागी तुळशीवृंदावन, खिंडीच्या जागी ओसरीचे दोन खांब. विहिरीची बाजू म्हणजे समुद्र. शिकणाऱ्याने विहिरीपासून निघायचे, तुळस दोन खांबांच्या मधोमध ठेवायची आणि खाली न बघता चालत यायचे. पायाला कणी लागली की दाजी म्हणत, "बुडालात. घरी जाऊन स्नान करा, जानवं बदला." दोरीला शिशाचा गोळा बांधून, त्याच्या तळाला मेण लावून पेठेच्या हौदात सोडायलाही ते शिकवत. खोली किती वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांची किती मापे, ते दोरीवरून कळते, आणि मेणाला काय चिकटून वर येते त्यावरून तळ कळतो. शेजारच्या एका गृहस्थांनी चिडून विचारले, "सदाशिव पेठेत समुद्र कधीपासून आला?" दाजी म्हणाले, "अहो, कात्रजहून तुमच्या दारात पाणी आलं तेव्हा नाही विचारलंत ते!"

मी सरकारी दफ्तरातला, म्हणून या सगळ्याची व्यवस्था माझ्याकडे होती. कोण कधी येणार, कोणाची पाळी, कोणाला कोणत्या खुणा पाठ, हे मी लावून दिले. सगळ्या खुणा ओळीने, डावी-उजवीसकट मीच मांडल्या. तोंडापाशी डावीकडे काळा खडक, उजवीकडे वाळूचा दांडा. झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवीन, असे मी म्हणत असे आणि म्हणून दाखवीतही असे. अंगणात मात्र मी कधी उतरलो नाही. ओसरीवर बैठक, समोर किनारा, सगळे कसे स्वच्छ दिसे. दाजी एकदा म्हणाले, "विसाजीपंत, तुम्ही समुद्र घरातून बघताय." मी हसलो. दाजींच्या बोलण्याला टोचणी असायचीच, मनावर कोण घेतो?

शेवटच्या दुखण्यात त्यांनी आक्काला सांगून ठेवले होते, "मला मुठेत सोडू नका. ती पूर्वेच्या समुद्राला जाते. तिकडच्या खुणा मला ठाऊक नाहीत." भाऊबंदांचे मत संगमावर उरकावे असे होते. आक्का हटली नाही. ती म्हणाली, "कळस खिंडीत बसतो तिथं. दुसरीकडे कुठं नाही. विसू जाईल, त्याला सगळं पाठ आहे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. एवढेच नाही, माझी छाती थोडी फुगलीही. तिने बरोबर यायचे म्हटले, तर घाटाची चढउतार, थंडी, मुक्कामाची अडचण अशी कारणे मी तिला ओळीने सांगितली. ती मागे राहिली.

नदीकाठच्या पिंपळाला टांगलेले अस्थींचे गाडगे घेऊन मी घाट उतरलो. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खाडीत होडी केली. तांडेल म्हातारा होता. दाजींचे नाव काढताच त्याने हात जोडून कपाळाला लावले. "कुठं जायचं, पंत?" मी जागा सांगितली नाही. जागा सांगितली असती तर त्याने डोळे मिटून नेले असते. मी म्हणालो, "मी सांगतो तसं घ्या." बाहेर पडून होडी काठाकडे वळवली आणि मी पाठ केलेले म्हणू लागलो. काळा खडक डाव्या हाताला ठेवा. तांडेलाने एकदा माझ्याकडे बघितले. "डाव्या? तिकडं खडक नाय, पंत. वाळू हाय." मी म्हणालो, "मला ठाऊक आहे." त्याने सुकाणू वळवले. सरकारी माणसापुढे तो आणखी काय बोलणार?

मग मी समोर पाहिले. कळस खिंडीत बसत नव्हता. जसजसे पुढे जावे तसतसा तो खिंडीपासून लांब सरकत होता. तेव्हा मला ओसरी आठवली... ओसरीवरून जे डावे, ते समुद्रावरून उजवे. इतकी वर्षे मी किनारा पाठ केला तो जमिनीकडून. ज्याला समुद्रातून घरी यायचे आहे त्याच्या काही उपयोगाचा नाही असा.

होडी अजून वळवता आली असती. एक शब्द पुरला असता, "चुकलो." तांडेल हसलाही नसता बहुधा. तो म्हणाला, "हीच जागा काय, पंत? असंल तर पाणी फिरायच्या आत उरका." दोघे वल्हेकरी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हीच." आणि डोळे मिटून गाडगे पाण्यात सोडले. मंत्र नीट म्हटले, एवढे मला आठवते.

परत आलो तेव्हा आक्का ओसरीच्या पायरीवर बसली होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "बसला का रे कळस?" वाटेत मी उत्तर तयार करून आणले होते. पण अंगणाकडे नजर गेली, आणि जिने एवढी वर्षे रोज हाताने तो काठ काढला तिला काय सांगायचे? मी म्हणालो, "नाही." मग सगळे सांगितले. डावे-उजवे सांगितले, तांडेल सांगितला, "हीच" म्हणालो तेही सांगितले.

ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. "वळवता आली असती ना रे होडी?" एवढेच म्हणाली. मग म्हणाली, "तू सोडलंस तेव्हा पाणी कुठं चाललं होतं? आत की बाहेर?"

मला सांगता आले नाही. डोळे मिटलेले होते. भरती असती तर पाण्याने त्यांना त्या रेषेवरून खाडीत आत आणले असते. ओहोटी असती तर बाहेर, काठापासून लांब. तांडेल म्हणाला तसे पाणी फिरायच्या बेतात होते. ते फिरले होते की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो सुटण्याजोगा आहे. पौर्णिमेला, अवसेला भरती कधी लागते ते ठरलेले. पुढे प्रत्येक तिथीला ती दोन घटका मागे पडते. षष्ठी मला माहीत आहे. सूर्य कुठवर आला होता तेही आठवते, कारण गाडग्याची सावली माझ्या हातावर होती. पंचांग घेऊन बसले तर एका बैठकीचे काम, हे मी आक्कालाही सांगितले.

पौष लागला. आक्का रोज पूजा झाली की विचारते, "काढलंस का रे?" मी म्हणतो, "आज नाही झालं." तिला वाटते मला कामातून सवड होत नाही. आजवर एकही काम मी असे लांबणीवर टाकलेले नाही. पंचांग पुढ्यात उघडे आहे, बोरू कापून ठेवला आहे, शाई आहे. षष्ठीची भरती काढायची राहिली आहे.