तीनशेची अट

हनादीनं दोनशेसातव्यांदा प्लग उपटला, दहा मोजले, परत खुपसला. जुना कॉम्प्युटर घरघरत उठला. तिचा भाऊ वफीक पडद्याला नाक लावून बसलेला. सगळ्या नोंदी जागच्या जागी दिसल्या की तो "पुढे" म्हणायचा, की ही परत उपटायची. चार दिवस दोघांचा हाच धंदा.

लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या मीना भागात वीज गेली तर कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. वफीक तिथल्या एका लॅबमध्ये रिपोर्ट सांभाळायचा. वीज गेली की लॅबचा डेटाबेस परत उभा राहायला पाऊण तास लावायचा, आणि तेवढा वेळ पेशंट वफीकच्या खानदानाचा उद्धार करायचे. डेटाबेस फुकटचा, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेला. कुणालाही खोट दिसली की त्यानं दुरुस्ती, म्हणजे पॅच, लिहून ईमेलनं सगळ्यांना पाठवायचा आणि बाकीच्यांनी तो फाडायचा. वफीकच्या पॅचनं डेटाबेस चार मिनिटांत उठायचा. दोन वर्षं त्याच्या चिंध्या चालल्या होत्या. सतरा वेळा त्यानं तो नव्यानं लिहिला.

फाडणाऱ्यांत सगळ्यात पुढे रूड नावाचा एक डच. "हा कोड नाही, नवस आहे," असं त्यानं सगळ्यांदेखत लिहिलं. हनादी म्हणजे नववीतून शाळा सोडून मोबाइल दुरुस्त करणारी बाई. भावाला कुणी वाकडं बोललं की तिचा हात उठायचा. हॉलंडपर्यंत पोचत नव्हता, एवढंच. वफीकनं मात्र ते वाक्य छापून भिंतीला चिकटवलं. "गाढव आहे, पण बरोबर बोलतोय," म्हणाला.

शेवटी रूडनं अट घातली. काम चालू असताना तीनशे वेळा वीज तोडा. एकही नोंद हरवता कामा नये.

दोनशेनऊला वफीक "पुढे" म्हणालाच नाही. पडद्याकडे बघत राहिला.

"झोपलास का, खय्यी?" भावाला ती खय्यीच म्हणायची.

"आज बास. तुझा हात दुखला असेल."

"माझा हात कधी दुखलाय?"

"जा, कॉफी टाक."

ती कॉफी घेऊन आली तेव्हा तो कीबोर्डवर आडवा पडला होता. मेंदूत रक्त सांडलं होतं. जीव राहिला, वाचा आणि उजवं अंग गेलं.

आठ दिवसांनी रूडचा मेल आला. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर पॅच कायमचा बाद. उरलेले एक्क्याण्णव झटके हनादी एकटी देऊ शकली असती, पण नोंदी बघायला ती वफीक नव्हती. आजारपण सांगावं तर ते लोक चार गोड शब्द लिहून बाद करणार. तिनं मोबाइलवरून, वफीकच्या खात्यातून, त्याच्याच नावानं लिहिलं, "तीनशे झाले. एकही नोंद हरवली नाही." दोनशेनऊ तर झालेच होते.

त्यांनी पॅच घेतला. रूडनं लिहिलं, "चोख काम." हनादीनं ते हॉस्पिटलात भावाच्या कानात वाचलं. वफीकचा डावा हात उठला. त्यानं हवेत मूठ आवळली आणि ओढली. परत ओढली. ओढतच राहिला.

"हो रे, प्लगच. तो मीच उपटला," ती हसली आणि तिनं त्या मुठीचा मुका घेतला.

मग रोज ती अभिनंदनाचे मेल वाचून दाखवायची. वफीक भिंतीकडे तोंड फिरवायचा. "दोन वर्षं झिजलास," ती चिडायची, "आता मिळालं तर तोंड फिरवतोस? मेल्या, हस की."

चौथ्या महिन्यात तो गेला.

त्यानंतर तो पॅच घातलेला डेटाबेस जगभर गेला आणि कुठल्याशा रक्तपेढीची वीज गेली. दोन दिवसांच्या नोंदी साफ. पॅच उपटून टाकला. रूडनं लिहिलं, "हा माणूस खोटं बोलला. याच्या नावाचं यापुढे काही घेऊ नका." हनादीनं त्याच खात्यावरून कळवलं, की भाऊ वारला, ते खोटं माझं, त्याचं नाही. उत्तर एका ओळीचं आलं, "मेलेल्याच्या नावानं लिहिणाऱ्यावर आम्ही का विश्वास ठेवावा?"

वर्षानं कॉम्प्युटर विकायला काढला, तेव्हा पुसण्याआधी तिनं तो एकदा उघडला. न पाठवलेला एक मेल पडून होता. तारीख त्याच दुपारची, ती कॉफी टाकत होती तेव्हाची. "दोनशेनऊला एक नोंद गेली. चूक माझी आहे. पॅच घेऊ नका."