तुलुगाकची दुसरी बाही

उकालिकच्या हातचा कोट घातला की वारासुद्धा वळसा घालून जातो, असं आमच्या तळावर म्हणायचे. सगळ्यात जास्त वेळा हे उकालिक स्वतःच म्हणायची. बाहीचा जोड मात्र ती सगळ्यांकडे पाठ करून शिवायची. तिची नणंद नुताराक पंधरा हिवाळे ती पाठ बघत होती.

त्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सीलच्या शिकारीला समुद्राच्या बर्फावर निघणार होतो, आणि उकालिकच्या नवऱ्याच्या, तुलुगाकच्या, कोटाला एकच बाही. एकदा बर्फावर पाय ठेवला की कॅरिबू हरणाच्या कातड्याला, म्हणजे आमच्या कोटांना, सुई लावायची नाही. लावली तर सील रुसतात आणि अख्खा तळ उपाशी राहतो. म्हणजे बाही आज झाली नाही, तर तुलुगाकचा हिवाळा घरात दिव्याची वात सारत जाणार.

आणि नेमकी सुई गायब! उकालिकने सुई ठेवायच्या हाडाच्या नळीतून चामड्याची पट्टी ओढली, तर पट्टीवर सुईचं भोक तेवढं उरलेलं. नवी करायची तर रानहंसाचं हाड घासून त्याला नेढं पाडण्यात दोन दिवस जातात.

"वन्संनीच नेली!" उकालिक बाहेर येऊन ओरडली.

नुताराक शांतपणे आली. "वहिनी, तुमची सुई नेऊन काय करू? टाके सुईला कुठे येतात? ते तर तुमच्या पाठीला येतात."

कुणीतरी फिसकन हसलं. मीच हसलो.

"माझी सुई देते," नुताराक म्हणाली. "पण शिवायचं माझ्या दिव्यापाशी. आणि तोंड माझ्याकडे करून."

"त्यापेक्षा हे एका बाहीने जातील!"

"मी?" तुलुगाक एवढंच बोलला. आज तो गप्पगप्पच होता.

उकालिकने त्याच्या उघड्या हाताकडे पाहिलं आणि कोट उचलला.

नुताराकच्या घरात तळावरच्या साऱ्या बायका जमल्या. उकालिकने बोटावर अंगुस्ताना चढवला, जनावराच्या तातीचा दोरा ओवला. टाका घालण्याआधी ती कडा दातांनी चावून मऊ करी आणि सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवी. आरपार एकही टाका नाही, म्हणजे वाऱ्याला शिरायला भोकच नाही.

"एवढंच?" नुताराक म्हणाली.

"एवढंच. म्हणून तर लपवत होते."

नुताराक इतकी हसली की दिवा विझायचा राहिला. मग उकालिकही हसली, तोंडात कातडं धरून.

बाही झाली. तुलुगाकने कोट चढवला, दोन्ही हात आत सारले, दाराजवळ सरकला आणि मग म्हणाला, "काल दाढेत मांस अडकलं होतं गं. टोकरताना सुई मोडली."

"काढा तो कोट!"

पण तो केव्हाच घसरगाड्यांकडे पळाला होता.

पहिल्या सीलचं काळीज उकालिकने स्वतः नणंदेकडे नेलं. तोंडाने माफी काही मागितली नाही. "वन्सं, गरम आहे तोवर खा," एवढंच म्हणाली. उसनी सुई मात्र तिने आजतागायत परत केलेली नाही, आणि नुताराकनेही मागितलेली नाही. दर शरदात दोघी त्याच दिव्यापाशी समोरासमोर शिवायला बसतात, आणि तुलुगाक आला की दोघी आपापल्या नळ्या मांडीखाली सारतात.