हलगी बाहेर, तबला आत

चपलांच्या स्टँडशेजारी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. माझ्यासाठी.

"इथं बस. निवांत वाजव," सर म्हणाले.

मी हलगी घेऊन व्हरांड्यात उभी. समोर स्टुडिओचं दार सताड उघडं. आत एसी, गालिचा, भिंतींना फोम. याच खोलीत मी वर्षभर काम करत होते. वायरी जोडत होते, रेकॉर्डिंग घेत होते, सरांचे घोळ गुपचूप निस्तरत होते. आणि आज माझी जागा चपलांशेजारी.

"आत नको का, सर?"

"अगं, चामडं आहे ना. आत देव आहेत. आणि तसंही आपला काँटॅक्ट माईक आहे. त्याला खोली कुठं लागते? उलट बाहेर आयसोलेशन मस्त मिळेल, दुसरा आवाज मिसळणार नाही."

बघा, किती गोड बोलतो माणूस. विटाळाला इंग्रजी नाव दिलं की झालं. मग ती जात राहत नाही, तांत्रिक बाब होते.

काँटॅक्ट माईक म्हणजे नाण्याएवढी पितळी चकती. तिला वायर सोल्डर करायची आणि चकती वस्तूला चिकटवायची. हवेतला आवाज तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. जिला चिकटते त्या वस्तूची थरथर ती उचलते. सरांचा बंगला गास गावात, भाजीच्या वाड्यांना लागून. आम्ही त्या चकत्या कुंपणाच्या तारेला लावल्या, पंपाच्या पाइपाला लावल्या, लोखंडी फाटकाला लावल्या. फाटकाची कुरकुर संगणकावर हळू केली की राक्षस गुरगुरतो. मला हे काम मनापासून आवडायचं. सोल्डरिंग मी फुलपाड्यातल्या एका मोबाईल रिपेअरच्या दुकानात शिकले होते आणि सरांच्या स्टुडिओतली प्रत्येक चकती माझ्या हातची होती.

मग सरांकडे एका पौराणिक मालिकेचं काम आलं. तिला युद्धाचे आवाज हवे होते. सर म्हणाले, "काहीतरी रॉ पाहिजे. मातीतलं." मी म्हणाले, आमच्या घरी हलगी आहे, बाबांची. मला वाजवता येते.

"तुमच्या घरी हलगी कशी काय?"

"आम्ही मातंग आहोत, सर. सोलापूरकडचे."

सरांचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. "अरे वा! छान छान," ते म्हणाले. कुणाच्या घरी बारसं असल्यासारखे म्हणाले. मी मूर्ख, मला ते खरंच कौतुक वाटलं. घरी जाऊन बाबांना सांगितलं, तुमची हलगी टीव्हीवर वाजणार. बाबांचा खांदा गेलाय, त्यांना आता वाजवता येत नाही. ऐकल्यावर त्यांनी हलगी मांडीवर घेतली आणि कडं पुसत बसले. शेजाऱ्यांनाही सांगून आले. मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा ती टीव्हीवर ऐकावी.

म्हणून मी स्टुलावर बसले. चामडं आहे, देव आहेत, ठीक आहे, असं स्वतःला समजावलं. अंगणात रद्दी पेटवून हलगी शेकली, कारण शेकल्याशिवाय कातडं ताणत नाही आणि आवाज फुटत नाही. सरांनी जाळासकट माझा फोटो काढला. फोटोला मी चालत होते. कड्याला आतून चकती चिकटवली, वायर खिडकीतून आत सोडली आणि वाजवायला लागले.

शेजारच्या वाडीतली म्हातारी मावशी भाजीची टोपली घेऊन कुंपणापाशी थांबली. रोज येता-जाता बोलायची ती.

"बाय, उनात कां बसलेस? आत जागा नाय का?"

"माईकसाठी बसलेय, मावशी."

"माईकसाठी?" तिनं खिडकीतून आत गेलेली वायर पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "पानी देऊ का तुला?"

मला तिचा राग आला. पाणी विचारलं म्हणून नाही. तिला एका नजरेत जे कळलं ते मी स्वतःपासून लपवत होते म्हणून. वारा लागून कातडं सैल पडायचं, मी उठून पुन्हा शेकायची, पुन्हा बसायची. आतून सरांचा आवाज यायचा, "क्या बात है! अजून रागानं मार!" रागाची सोय त्यांनीच केली होती.

दुपारी तबलावादक आले. दादरचे. सर फाटकापर्यंत धावले. "या, या दादा!" दादांनी चपला माझ्या स्टुलाशेजारी काढल्या आणि तबला-डग्गा घेऊन सरळ आत. गालिच्यावर बसले. देवांच्या अगदी पुढ्यात. सरांनी हाक मारली, "अगं, दादांच्या तबल्याला चकती लाव."

मी आत गेले. चकती लावायला मला आत यायची मुभा होती. गुडघे टेकून बसले, तबल्याच्या काठाशी चकती चिकटवली आणि कातड्यावर बोट ठेवलं. बकऱ्याचं कातडं. माझ्या हलगीचंही बकऱ्याचंच. बकरा कुठल्या जातीचा होता ते कुणी विचारलं नव्हतं. मान वर केली तर सरांच्या कमरेला चामड्याचा पट्टा. मागं लेदरचा सोफा. त्या सोफ्यावर बसून सर रोज देवांकडे तोंड करून चहा पितात.

लाज वाटली, आणि लगेच लाजेची चीड आली. मी का लाजू?

"सर, तबला चामड्याचाच आहे ना?"

"अगं, तबल्याचं वेगळं असतं."

"काय वेगळं?"

"शास्त्रीय वाद्य आहे ते. तू उगाच डोक्यात नको घेऊ. अगं, आवाजाला जात नसते."

"आवाजाला नसते, सर. म्हणूनच तो खिडकीतून आत घेतलात. मला बाहेर बसवलंत."

दादा गालिच्यावर बसून हातोडीशी खेळत होते. एवढा मोठा कलावंत. असल्या लोकांना सगळे सूर कळतात, फक्त हा कळत नाही.

मी बाहेर गेले, हलगी उचलली आणि आत येऊन गालिच्याच्या मधोमध बसले. एकच थाप मारली. जोरात. तबल्याला कुणाचा हात लागला नव्हता, तरी संगणकावर तबल्याच्या चकतीची रेघ टणकन वर गेली. खोलीत एक कातडं वाजलं की दुसरं थरथरतंच. दादांनी झटक्यात तबल्यावर तळहात ठेवला. जणू त्याला काही चिकटणार होतं.

"बाहेर हो आधी," सर म्हणाले. मालिकेचं कारण नाही, माईकचं नाही. जे होतं ते बोलले.

मी उठले आणि संगणकापुढं बसले. सकाळपासूनचं माझं सगळं वाजवणं तिथं होतं. चांगलं वाजलं होतं, खोटं का बोलू. फाइली निवडल्या आणि पुसल्या. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसल्या. सर ओरडत होते, "वेडी झालीस का? ते माझं काम आहे!" मी म्हणाले, "तुमचं काम तुम्ही वाजवा."

घरी बाबा वाट बघत होते. सगळं सांगितलं. ते चिडले. माझ्यावरच.

"आम्ही काय कमी वेळा बाहेर बसलो? जन्मभर मांडवाच्या बाहेरून वाजवलं. तुझंच काय एवढं मोठं झालं?"

"तुम्ही बसलात, बाबा, म्हणून त्यांनी माझ्यासाठी स्टूल आधीच आणून ठेवलं होतं."

बाबा तोंड फिरवून आडवे झाले. मला वाईट वाटलं. पण शब्द मागं घेतला नाही, आजही घेणार नाही.

आठवड्यानं सरांचा फोन आला. आवाजात साखर. "झालं गेलं विसर. ये परत. आत बसून वाजव. मी देवघराला पडदा लावून घेतो." माझ्यासाठी हा माणूस देवांचे डोळे झाकणार होता. मला इतकं हसू आलं की मी फोन कानापासून लांब धरला. ते हसू त्यांना ऐकू जावं अशीच माझी इच्छा होती.

आता चंदनसारला माझ्या खोलीवर मी चकत्या बनवते. स्टुडिओवाले हलगीसाठी फोन करतात. मी आधी विचारते, "बसायचं कुठं?" कुणी पटकन सांगतो, आत. तिथं जाते. कुणी म्हणतो, "म्हणजे?" त्याचा फोन मी ठेवून देते. त्याला समजावत बसत नाही. समजलेलंच असतं त्याला.

उंबऱ्याबाहेर मी वाजवणार नाही. बाबांची हलगी नाही, माझी नाही. माझ्यानंतर जी कुणी ती हातात घेईल, तिलाही मी वाजवायच्या आधी नाही म्हणायला शिकवणार आहे.