आजची तारीख वाढवून द्या

"आजची तारीख वाढवून द्या, भाऊ."

संध्याकाळी कोर्ट सुटलं की ते, माझ्याच कोर्टातले एक वकील, वकिलांच्या बाररूममध्ये माझ्या टेबलासमोर हात जोडून उभे राहायचे. मी कारण विचारायचो. कधी "साक्षीदार गैरहजर हाये," कधी "वकील आजारी हाये." मी म्हणायचो, "दिली. उद्या हजर राहा." मग ते छत्री उचलून घरी जायचे.

तारीख दारूची होती. आज प्यायची नाही, उद्याचं उद्या पाहू. तारखा घेणारे वकील तुम्हीही पाहिले असतील. असा मी एकच पाहिला.

दारूबंदीचे दिवस. अमरावतीत दारूच्या केसेस त्यांच्याइतक्या कोणी लढवत नसे, आणि त्यांच्याइतकी पीतही नसे. एकदा वरुडकडचा भाजीवाला आरोपी होता. "याच्या तोंडाला वास नव्हता," असं ते तावातावानं सांगत होते. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, वास तर आत्ताही येतोय. आणि आरोपी लांब उभा आहे."

कोर्ट पोट धरून हसलं. भाजीवाला हसला नाही. त्याला शिक्षा झाली, आणि जाताना त्यानं यांनाच नमस्कार केला.

त्याच संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्यासमोर आले. "शपथा लय मोडल्या, भाऊ. आता सनद जाईन, घरही जाईन. तुमी मले तारीख द्या. वकिलाले तारीख मोडता येत नाई."

पुढं एका खटल्यासाठी मी अकोल्याला गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर्टाच्या फाटकाशी हे उभे, एस.टी.च्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या.

"काहून आले?"

"तारीख संपली ना."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच तर सारं हाये, भाऊ."

मी तारीख दिली. ते चहा प्याले आणि परतीच्या गाडीत बसले. मला तेव्हा हसू आलं होतं.

अशी काही वर्षं गेली. एका उन्हाळ्यात उकाड्यानं काळा कोट बाररूमच्या खुंटीवरच ठेवून ते घरी निघाले आणि वाटेत कोसळले. उठलेच नाहीत. नेमके पडले ते हातभट्टीच्या गल्लीच्या तोंडाशी. गावाला तेवढं पुरलं. मी खांदा दिला, घरी आलो, जेवलो. मला काहीच वाटलं नाही. अजूनही त्या दिवसाचं काही वाटत नाही.

तेरवीनंतर त्यांची बायको, आमच्या वहिनी, आपल्या भावाला घेऊन कोट न्यायला बाररूमवर आल्या. मी तो खुंटीवरून काढून दिला.

"भाऊ, लोक काईबाई बोलून राह्यले. त्या दिवशी त्याईनं तारीख घेतली होती का?"

"घेतली होती, वहिनी. मीच दिली."

त्यांनी कोट नाकाशी नेला. नवरा घरी आला की कोट हुंगायचा, ही त्यांची जुनी सवय.

"घामाचाच वास हाये," त्या भावाला म्हणाल्या, आणि पुन्हा कोटात तोंड घातलं.