अकोल्याच्या अलीकडचा सिग्नल

आमच्या साडूंइतका आगगाडीचा प्रवास केलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका घरातून न हललेलाही. जपानचा समुद्रकिनारा, स्वित्झर्लंडचे घाट, नॉर्वेतला बर्फ, कोकणातले बोगदे, सगळं त्यांनी इंजिनाच्या पुढच्या काचेतून पाहिलेलं आहे, आणि तेही अकोल्यात, स्वतःच्या बैठकीत, आरामखुर्चीवर बसून, पायाखाली चौरंग घेऊन. अमरावतीला आमच्याकडे राजापेठेत चार दिवस या म्हटलं तर मात्र "येतो न, पाहू" म्हणत वर्षं काढतात. लोक बातम्या पाहतात, क्रिकेट पाहतात, मालिका पाहून रडतात. आमचे साडू रूळ पाहतात. जगात म्हणे असे काही हौशी लोक आहेत, जे चालकाच्या शेजारी कॅमेरा लावून एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंतचा अख्खा प्रवास टिपतात आणि इंटरनेटवर टाकतात. त्यात ना गोष्ट, ना गाणं, ना माणसं. समोर दोन रूळ, बाजूला खांब, मध्येच एखादं फाटक आणि फाटकापाशी ताटकळलेले मोटारसायकलवाले, एवढंच तासन् तास चालू. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थोड्या वेळानं न राहवून विचारलं, "यात होतं तरी काय?" पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "होत काई नाई साडूबुवा. जाते." मी त्याच दिवशी हात टेकले.

बरं, माणूस काही अडाणी नव्हे. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले, भाऊ अजून तिकडे कपाशी-सोयाबीन करतात, आणि हे वकील होऊन अकोल्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवत म्हातारे झाले. दिवाणी दावे म्हणजे काय ते ज्याचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झालाय त्यालाच माहीत. आजोबांनी लावलेला दावा नातवापर्यंत पोचतो आणि मग नातू वकील बदलतो. साडूंचं सगळं आयुष्य पुढची तारीख मागण्यात गेलं, आणि माझी अशी अटकळ आहे की हे वेड त्यातूनच लागलं. एकदा ते स्वतःच म्हणाले होते, "कोर्टात सारं जागच्या जागी राह्यते हो. इथं कसं, खांब आला की गेला. कोणी अर्ज देत नाई, कोणी हरकत घेत नाई."

पण ते नुसते पाहते तर कोणाची हरकत नव्हती. ते त्या गाडीत बसत. मे महिन्यात अकोला तापलेलं, कूलर गरम हवा फेकतोय, घरातली माणसं ओल्या पंच्यानं मान पुसतायत, आणि हे नॉर्वेच्या गाडीत म्हणून खांद्यावर शाल, कानाला मफलर, वर आल्याचा चहा मागणार. बोगदा आला की उठून खोलीतला दिवा बंद करणार आणि खिडकीचा पडदा ओढणार. बोगद्यात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा माझा चिवडा बशीतून अर्धा सांडला, तेव्हा बोगदा संपेपर्यंत तो उचलायलाही परवानगी मिळाली नाही. नदीवर पूल आला की हात जोडणार. यात मात्र त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आमच्या ताई, मनापासून सामील. रुळांचा खडखडाट पोकळ झाला की त्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारत, "कोणती हो ही?" हे सांगत, "ऱ्हाईन." ताई तिथूनच पिठाचे हात जोडत आणि म्हणत, "असू द्या. माय ती माय."

ताईंचा आवाज हा वेगळा विषय आहे. तो आवाज स्वयंपाकघरातून निघाला की बैठकीतून, अंगणातून, फाटकातून पार होऊन समोरच्या घरातल्या बाईला "काय व?" म्हणायला लावत असे. त्यांना कुजबुजता येत नसे. माझ्या लग्नात मुलाकडच्यांचं काय चुकलं हे त्यांनी आपल्या बहिणीच्या कानात सांगितलं होतं आणि ते आमच्याकडच्या शेवटच्या पंगतीपर्यंत पोचलं होतं. साडूंचं सगळं वेड त्या आवाजाच्या आधारानं चालत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण असं, की इंजिनात माणसं दोन असतात. सिग्नल दिसला की चालक त्याचा रंग मोठ्यानं म्हणतो आणि सहायकानं तोच रंग पाहून परत म्हणायचा. दोघांची खात्री पटली की गाडी पुढे. साडूंनी हे फिल्मांतच पाहिलं. जपानी चालक तर पांढरे हातमोजे घालून सिग्नलकडे बोट दाखवून म्हणतो. झालं, साडूंनी लग्नाच्या बँडवाल्यांना पुरवठा करणाऱ्या दुकानातून पांढरे हातमोजे आणले आणि ताईंची सहायक म्हणून नेमणूक केली. त्या दिवसापासून ते घर म्हणजे इंजिन झालं. बैठकीतून बोट उठायचं, "हिरवा!" आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "हिरवा!" ताईंनी जन्मात एक सिग्नल पाहिला नसेल. भाकरी थापताना, मेथी निवडताना, फोनवर बोलतानासुद्धा त्या उत्तर देत. माझी बायको सांगते, फोनवर असं चाले: "हो गं, ठरलं तिचं, हिरवा! मुलगा नागपूरचा आहे, हिरवा! पण नाकाला जरा..." उत्तर आलं नाही तर साडू फिल्म थांबवून बसत. नियम म्हणजे नियम. घरात गॅसवर दूध उतू जात असलं तरी सहायकाचा आवाज आल्याशिवाय गाडी हलायची नाही.

स्कूटरवरही तेच. हे पुढे, ताई मागे, आणि चौकात दिवा दिसला की हॅण्डल सोडून बोट वर. "पिवळा!" "पिवळा!" की हे जागीच थांबत. आपल्याकडे पिवळा दिवा म्हणजे पळा असा अर्थ आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मागचा ऑटोवाला येऊन आदळे आणि ओरडे, "ओ काका, काहून थांबले?" हे शांतपणे म्हणत, "सहायकानं पिवळा सांगितला." ऑटोवाला ताईंकडे पाही, आणि मग ताईंचा आवाज सुटे, की ऑटोवालाच माफी मागून जाई.

पण ताई काही साध्या नव्हत्या. त्यांनी नियमाचीच वाट शोधून काढली. रेल्वेचा असा दंडक आहे म्हणे, की चालक आणि सहायक यांनी वेगवेगळे रंग सांगितले तर वाद घालायचा नाही, जो थांबायला सांगतो त्याचं ऐकायचं. हे साडूंनीच त्यांना कौतुकानं समजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी, भाकरी तव्यावरून उतरली, पानं घेतली, आणि बैठकीतून "हिरवा!" आल्याबरोबर आतून आवाज गेला, "लाल!" साडू चक्रावले. "अवं, ढळढळीत हिरवा हाये!" "मले लाल दिसते. वांग्याची भाजी निवून राहिली." वकील माणूस, नियमापुढे मान तुकवणारा. गाडी थांबवली, हातमोजे काढले आणि मुकाट्यानं येऊन पाटावर बसले. तेव्हापासून त्या घरात जेवायला या असं कोणी म्हटलंच नाही. लाल म्हटलं की जेवायला यायचं. आम्ही पाहुणे गेलो तरी ताई "लाल!" म्हणत आणि आम्हीही हात धुवायला उठत असू.

आता पुढचं लिहायला मन होत नाही, पण लिहायला हवं. गेल्या साली दिवाळीच्या आधी ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. हाक मारली की त्या पाहतात, कधी डोळ्यांतून पाणी येतं, पण शब्द नाही. ज्या घरात आवाजावाचून काही हललं नाही, तिथं आता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो. मला त्या घरात पाऊल टाकवत नाही. माझी बायको तर पहिल्या भेटीत दारातूनच मागे फिरून बाहेरच्या ओट्यावर जाऊन रडली.

वाचेचा व्यायाम घेणारी एक मुलगी घरी येऊ लागली. ती आंब्याचं चित्र दाखवून "आं... बा" म्हणवून घ्यायची. ताई चित्राकडे पाहत आणि मग तोंड फिरवत. साडू काही दिवस बाजूला बसून हे पाहत होते. मग एके दिवशी त्यांनी पलंग बैठकीत आणवला, ताईंना उशांना टेकवून बसवलं, हातमोजे चढवले आणि बडनेऱ्याहून, ताईंच्या माहेरच्या गावाहून, अकोल्याला येणाऱ्या गाडीची फिल्म लावली. कोण्या हौशी पोरानं केलेली साधीच फिल्म होती. त्यात ना बर्फ ना समुद्र, नुसती काळी वावरं, बाभळी आणि ऊन. मला म्हणाले, "माहेराहून सासरी आणून राहिलो तिले. हा रस्ता विसरणार नाई थे."

सुरुवातीला ते "हिरवा" म्हणत, ताईंची पापणी हलली की तेच उत्तर धरत आणि गाडी पुढे नेत. अशी मुंगीच्या पावलानं ती गाडी कुरूम, मूर्तिजापूर, काटेपूर्णा करत बोरगावच्या पुढे आली. अकोला आता आलंच. तेवढ्यात ती व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काका, खुणेवर भागवू नका. खुणेवर भागलं तर त्या शब्द काढायच्या नाहीत." साडूंना ते पटलं. पुढच्या सिग्नलला त्यांनी गाडी उभी केली, आणि ताईंच्या तोंडून उत्तर आल्याशिवाय हलवायची नाही असं ठरवलं.

ती गाडी तिथंच उभी राहिली. संक्रांत गेली, होळी गेली. घरी येणारा जाणारा विचारी, "टीव्ही बिघडला काय?" पडद्यावर एकच चित्र: दोन रूळ, बाजूला पळसाचं झाड आणि पुढे हिरवा दिवा. समोर एक म्हातारा पांढरे हातमोजे घालून बोट दाखवतोय, "हिरवा." मग वाट पाहतोय. मग परत, "हिरवा." मला ते पाहून हसू यायचं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. माझी बायको मात्र सरळ भांडली. "भाऊजी, माही बहीण मरून राहिली अन् तुमी रेल-रेल खेळून राहिले!" कोर्टात समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची साडूंना सवय होती.

उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही दुपारचे पोचलो. साडू इतके वाळले होते की पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळलेली दिसत होती. बायको स्वयंपाकघरात गेली आणि खानावळीचे दोन डबे घेऊन बाहेर आली. एक काल रात्रीचा, उघडलेलाही नाही. दुसरा आजचा, तोही तसाच. "जेवत नाई काय तुमी?" ती ओरडली. "ताईचं सारं वेळेवर करता, अन् स्वतःचं?" साडू म्हणाले, "जेवतो न. ध्यानात राह्यत नाई." आणि जणू विषय संपला अशा थाटात पडद्याकडे वळले, बोट उचललं आणि म्हणाले, "हिरवा."

ताई डब्यांकडे पाहत होत्या. ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताठल्या. आम्हाला वाटलं उचकी लागली. बायको पाणी आणायला वळली, आणि तेवढ्यात आवाज आला. तो ताईंचा आवाज नव्हता, कोण्या लहान पोरीचा असावा तसा तुटका, ओला. "ला... ल."

बायकोनं डबे खाली ठेवले आणि धावत जाऊन त्यांचे हात धरले. ती हसत होती, रडत होती. "बोलली! ताई बोलली! पण ताई, लाल नाही गं, हिरवा आहे. बघ, म्हण बरं, हिर... वा."

"चूप राहा," साडू म्हणाले. मेहुणीशी ते असे कधी बोललेले मी ऐकले नव्हते. "बरोबर म्हणून राहिली थे."

त्यांनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. डबे उचलले, ताईंच्या पलंगापाशी खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि एकाचं झाकण उघडलं. भाजीला वास येत होता. बायको म्हणाली, "थांबा, हा कालचा आहे, मी गरम काही करते." त्यांनी नको म्हणून मान हलवली, दुसरा डबा ओढला आणि जेवायला लागले. पोळी मोडायची, घास घ्यायचा, ताईंकडे पाहायचं. ताई पूर्ण वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या आणि डबा रिकामा झाल्यावर त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर ताई बोलल्या नाहीत. ती मुलगी अजून येते, पण आशा दाखवत नाही. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं आहे. मी फोन करतो तेव्हा साडू सांगतात, दुपारी वेळेवर जेवलो. "तिनं सांगितलं, मंग जेवणं भाग हाये." एकदा मी धीर करून म्हणालो, आता ती फिल्म पुढे न्या, अकोलं दोन पावलांवर आहे, निदान स्टेशनात तरी आणा गाडी. ते म्हणाले, "लाल तिचा होता न साडूबुवा. हिरवाबी तिनंच द्यायचा." परवा आम्ही परत जाऊन आलो. ताई झोपल्या होत्या, साडू खाली बसून जेवत होते. समोर बोरगावच्या पुढचं तेच पळसाचं झाड, तेच रूळ. सिग्नल हिरवाच आहे. गाडी उभी आहे.