टँकरवरचा वाघ

लातूर नुकतंच उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झालं होतं आणि मी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होतो. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, हे माझं काम. गावाकडं, चाकूरच्या अंगाला, आई एवढंच सांगायची, "पोरगं कलेक्टर हापिसात हाय." पुढचं ती सांगत नसे आणि मीही कधी सांगितलं नाही. जिल्हा नवा, खुर्ची नवी, त्यामुळे माझीही मान जरा ताठ झाली होती. मी स्वतःला अबोल, विचारी, वाचनात रमणारा माणूस समजत असे. बाहीची इस्त्री मोडू नये म्हणून हातसुद्धा जपून हलवत असे.

गल्लीचं मत वेगळं होतं. त्या साली पावसानं दगा दिला, नळ कोरडे पडले आणि टँकर यायला लागला. पाइप पकडायला झुंबड उडायची. पहिल्याच खेपेला मी गर्दीत शिरलो, कुणाचा तरी धक्का लागला आणि चप्पल निसटली. ती शोधायला वाकलो, तर माझ्याच घागरीचा काठ माझ्या तोंडावर बसला. ओठ फुटला, सदरा काखेपासून टरकला. घागर तिथंच टाकून मी घरी पळालो.

आत काय झालं ते कुणी पाहिलं नव्हतं. बाहेर येणारं रक्ताळलेलं तोंड मात्र सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी घरमालकीण शेजारणींना सांगत होती, "आमचे भाडेकरू एकटे चौघांना पुरून उरले बघा."

मी म्हणालो, "मावशी, तसं काही नाही. घागर लागली मला."

"आयका! वर बढाई म्हनून न्हाई मानसाला," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं माझी घागर भरून दारात आणून ठेवली. पुढं टँकरवर मी दिसलो की लोक आपोआप बाजूला सरकायचे. विचारी माणसाला हे मुळीच शोभत नाही, असं मनात म्हणत मी निमूट पाणी भरून घ्यायचो.

अशातच बिलोलीकडचं एक स्थळ आलं. मुलगी पाहायला गेलो, तर समोर बशीत फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आला. पहिल्याच घासाला अख्खी हिरवी मिरची चावली गेली. डोळ्यांतून धारा लागल्या. पण दुष्काळाचे दिवस, परकं घर, पाणी मागायचं कसं? मी मान खाली घालून चावत राहिलो. तेवढ्यात मुलीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. त्या तांब्यासरशी मी तिचा झालो. हे लग्न जमावं, याखेरीज मला दुसरं काही सुचेना.

निघताना तिचे वडील म्हणाले, "आमी लातूरला येऊन चौकशी करूत, मंग कळवूत."

चौकशी म्हणजे पानटपरी आणि खानावळ, हे मला ठाऊक होतं. दोन्हीकडं मी पढवून ठेवलं: शांत आहे, निर्व्यसनी आहे, पुस्तकं वाचतो. पण ते आले नेमके टँकरच्या दिवशी. टपरीवर चिटपाखरू नव्हतं. सगळी गल्ली रांगेत, म्हणून तेही रांगेत जाऊन उभे राहिले. मी कचेरीत शिक्के मारत होतो. घरी आलो तर मावशी म्हणाल्या, "तुमचे पाव्हणे आलते. टँकरचं समदं सांगितलं मी." तोवर मावशींच्या गोष्टीतल्या चौघांचे सहा झाले होते.

स्थळ गेलं, असं धरून मी दोन दिवस जेवलो नाही. मग मध्यस्थ निरोप घेऊन आला. मुलीचे वडील म्हणाले होते, "पान्यासाठी भिडनारा गडी हाय. लेक तान्हेली राहनार न्हाई." मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. माझं वाचन कुणी विचारलंच नव्हतं.

लग्नानंतर आम्ही दुसऱ्या गल्लीत खोली घेतली. तिथं माझी कीर्ती पोचलेली नव्हती. टँकरचा हॉर्न वाजला तशी बायकोनं माझ्या हातात घागर दिली. मी बाह्या दुमडल्या, परत सोडल्या, परत दुमडल्या. ती दारात उभी राहून बघत होती. शेवटी मी सगळं सांगून टाकलं: चप्पल, घागरीचा काठ, पळ काढणं. आता ही बापाच्या घरी निघणार, अशी माझी खात्री होती.

ती हसायला लागली. "मला ठावं हाय."

"कसं?"

"मिरची लागली तवा डोळ्याला धार होती तुमच्या, पन तोंडातून 'पानी' निघालं न्हाई. अन् बाबा घरी येऊन सांगत व्हते, गडी लई भांडखोर हाय म्हनून. मी म्हनलं, आसंल."

"मग हो का म्हणालीस?"

"घरात भांडनारं एक पुरे. द्या ती घागर इकडं."

सगळ्या जुन्या गल्लीनं मला पाहिलं होतं, ओळखलं मात्र हिनं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. तिनं पदर खोचला आणि गर्दीत शिरली. जरा वेळानं तिचा आवाज चढला आणि पाइप तिच्याकडं वळला. मी दुसरी घागर घेऊन दारात उभा राहिलो.