पावणेदोनचं विमान

तिकीट कार्यालयात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. कोणत्याही दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ तिला तोंडपाठ. बावीस वर्षं तेच काम, आणि गिऱ्हाइकांची चूकही तीच. "बारा चाळीसला निघून पावणेदोनला पोचतं? तासाभरात?"

"अहो, पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची छापतात. ते शहर पश्चिमेला, तिथलं घड्याळ एक तास मागे. चौदाशे किलोमीटर आहे, दोन तास पाच मिनिटं लागणारच. विमान आहे ते, गोफणीतला दगड नाही."

त्या दिवशी याच विमानात तिने धाकट्या बहिणीला बसवलं होतं. धाकटीची दोन बोटं मोडलेली, कानामागे सात टाके. भाजी अळणी झाली म्हणून नवऱ्याने इस्त्री फेकून मारली होती. ती आत्याकडे निघाली होती. नवऱ्याचा भाऊ तिथल्याच विमानतळावर टॅक्सी चालवायचा. त्याला एक फोन गेला असता, तर त्याने तिला दारातच धरून परत पाठवलं असतं.

दोन वाजता धाकटीचा नवरा कार्यालयात शिरला. हातात केराच्या डब्यातून काढलेला तिकिटाचा चुरगळलेला कागद. तो जन्मात विमानात बसला नव्हता.

"ताई, पावणेदोनला पोचलीसुद्धा ती. भावाला उभं करायलाही वेळ ठेवला नाहीत. आता पत्ता सांगा."

घड्याळबाईने भिंतीकडे पाहिलं. धाकटी अजून पाऊण तास हवेत होती.

शेजारच्या टेबलावरचे काका सवयीने म्हणाले, "नाही हो, ते तिथलं..."

तिने टेबलाखालून त्यांच्या पायावर टाच दिली. काकांनी समोरच्या वहीत डोकं खुपसलं.

"मला पत्ता माहीत नाही."

"लाज वाटत नाही? माझा संसार मोडलास!" आत आल्यावर 'ताई' म्हणणारा तो, एवढ्यात एकेरीवर आला होता. त्याने तिची वेणी धरून डोकं टेबलावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा नाकातून रक्त आलं. काका मध्ये पडले, तर त्यांना भिंतीवर ढकललं. टेबलावरचं कागदांना छिद्र पाडायचं लोखंडी यंत्र त्याने उचललं, ते तिच्या जबड्यावर बसलं. एक दाढ तोंडातच सुटी झाली.

"बोल!"

'विमान अजून हवेत आहे' एवढं बोलली असती तर एका वाक्यात सुटली असती, आणि त्याने भावाला फोन लावला असता. ती टेबलाची कड धरून राहिली.

शेजारच्या छापखान्यातले तिघे धावत आले. त्यांनी त्याला खाली पाडलं, हात पाठीमागे बांधले. एकाने पोलिसांना फोन लावला. वाहतुकीत गाडी अडकली होती. तोवर तो जमिनीवरून शिव्या घालत होता, ती रक्त पुसत होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी धाकटीचा फोन आला. "ताई, पंचवीस मिनिटांपूर्वी उतरले, आता आत्याच्या गाडीत बसले. सामान यायला वेळ लागला गं."

फोनचा आवाज मोठा होता, त्यानेही ऐकलं. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे. "आत्ता उतरली? म्हणजे तू मला फसवलंस!"

"मी?" सुजलेल्या जबड्यातून शब्द नीट निघत नव्हते. "उतरली का, हे विचारलंत कुठे तुम्ही? विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, ती गोष्ट वेगळी."

पोलीस आत आले, तेव्हा तिने काकांकडे कोरा कागद मागितला आणि तक्रार स्वतःच्या हाताने लिहायला घेतली.